नदी गावाची, निर्णय इतरांचे

एखादे गाव कशामुळे वाढते आणि कशामुळे थबकते, या प्रश्नाचे उत्तर केवळ लोकसंख्येच्या कोष्टकांतून मिळत नाही. तरीही आरंभ कोष्टकापासूनच करणे सोयीचे ठरते. वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी या भंडारा जिल्ह्यातील गावाची वस्ती विसाव्या शतकाच्या आरंभी दहा हजारांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती वीस हजारांवर गेली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांत दुपटीच्या आसपासच घुटमळली. याच काळात देशाची लोकसंख्या सुमारे पाचपट झाली. वेशीवरचा तट, नदीकाठचे दगडी घाट आणि असंख्य मंदिरे पाहून विदर्भाची काशी म्हणून गौरविल्या गेलेल्या या गावाची वाढ इतकी मंद का राहिली?

पवनीला अडाणी, आडवळणाचे खेडे समजणे हा इतिहासाचा अपमान ठरेल. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून सांचीच्या स्तूपाशी तुलना व्हावी एवढ्या विस्ताराचा बौद्ध स्तूप उजेडात आला. मुचलिंद नागाचे शिल्प आणि दात्यांचे ब्राह्मी लेख मिळाले. एवढी वास्तू उभी राहते ती नुसत्या श्रद्धेवर नव्हे. त्यासाठी पोट भरून उरणारे धान्य, ते विकत घेणारा व्यापार आणि त्या व्यापाराला वाट देणारी नदी लागते. वैनगंगेने दोन हजार वर्षांपूर्वी पवनीला हे तिन्ही दिले होते. पुढील काळात तीन बाजूंना तट व खंदक आणि चौथ्या बाजूला नदी, अशी या गावाची आखणी झाली. नदी ही गावाची चौथी भिंत होती आणि दारही होती.

हे दार कधी बंद झाले? नेमका दिवस सांगता येणार नाही, पण दोन घटना निर्णायक ठरल्या. पवनीचे कोष्टी रेशीमकाठी तलम वस्त्रांसाठी प्रसिद्ध होते. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाची बाजारपेठ हळूहळू काबीज केली. दुसरी घटना रेल्वेची. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग उत्तरेकडून गेला. नागपूर-नागभीड ही अरुंद मार्गाची गाडी पवनीच्या दिशेने आली खरी, पण गावात शिरली नाही. स्थानकाचे नावच ‘पवनी रोड’ असे पडले. ज्या स्थानकाच्या नावात ‘रोड’ हा शब्द येतो, त्या गावाला रेल्वेने लांबूनच नमस्कार केलेला असतो! तीही गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद करण्यात आली.

याउलट, जुन्या भंडारा जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला काय घडले ते पाहावे. गोंदिया हे लोहमार्गांचे जंक्शन झाले. भात गिरण्या आणि विडीचा धंदा यांवर ते वाढले आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे बनले. त्या शहराला लागून असलेले कुडवा हे गाव शहराच्या ओढीने इतके भरले, की जनगणनेने त्याची नोंद ‘जनगणना नगर’ म्हणून केली. किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसांची दाटी आणि तीन चतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेरच्या उद्योगात, या तीन कसोट्यांना जे गाव उतरते, पण ज्याला नगरपालिका नसते, ते जनगणना नगर होय. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ नगरे होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. म्हणजे शहराचे सारे गुणधर्म अंगी असूनही शहराचे अधिकार नसलेल्या वस्त्यांची संख्या दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट झाली. कुडव्याला वाढ मिळाली, पण त्या वाढीला साजेसा दर्जा जनगणनेच्या नोंदीपुरताच राहिला. पवनीला नगरपालिका आहे, पण वाढ हुकली. दोहोंचे दुखणे वरवर निराळे दिसले, तरी मूळ एकच आहे. ज्या साधनावर गाव जगते, त्या साधनाविषयीचे निर्णय गावाच्या हाती नसतात.

पवनीच्या दैनंदिन जीवनाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. पहाटे घाटांवर स्नानाला येणाऱ्या वृद्धांची वर्दळ असते, त्याच वेळी धीवर बांधव रात्री टाकलेली जाळी ओढीत असतात. पावसाळ्यात गावाबाहेरच्या बांध्यांत चिखल करून परे रोवले जातात. हिवाळा सरता सरता मिरचीच्या सातऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायकांच्या रांगा बसतात. उन्हाळ्यात नदी आटली की उघड्या पडलेल्या रेतीवर डांगरवाड्या फुलतात. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, अशा कुटुंबाला नदीने दिलेली ही चार महिन्यांची शेतीच होय. अर्थशास्त्राच्या भाषेत हे सारे ‘असंघटित’ उत्पन्न म्हणून एका ओळीत आटोपते. गावाच्या भाषेत ते वर्षाचे बाराही महिने आहे.

या बारमाहीवर आता तीन बाजूंनी ताण आला आहे. पहिला ताण धरणाचा. पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. अडीच लाख हेक्टर जमिनीच्या सिंचनाचे उद्दिष्ट असलेला, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळालेला हा प्रकल्प मूळ ३७२ कोटींचा होता. त्याचा खर्च पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. धानउत्पादकाला पाणी हवे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु धरणाच्या ३३ दरवाजांपैकी किती व केव्हा उघडायचे, यावर खालच्या गावांची झोप अवलंबून असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या काठावरील गावांनी याचा कटू अनुभव घेतला. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात अवेळी सोडलेले पाणी, या दोहोंत फरक एवढाच, की पहिल्याची बातमी होते आणि दुसऱ्यात वाहून गेलेल्या डांगरवाडीची होत नाही.

दुसरा ताण रेतीचा. वैनगंगेच्या रेतीला बांधकामात मोठी मागणी आहे. रेतीघाटांच्या लिलावातून शासनाला महसूल मिळतो, ठेकेदाराला नफा मिळतो. पण रेती खोलवर उपसली की डांगरवाडीची जागा जाते, माशांची वीण बिघडते आणि काठच्या विहिरींची पातळी उतरते. हा तोटा कोणत्याही हिशेबवहीत मांडला जात नाही. तिसरा ताण सांडपाण्याचा. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. महानगराने केलेली बचत खालच्या गावाला आजारपणाच्या रूपाने फेडावी लागते, असा हा व्यवहार आहे.

पवनीकडे भांडवल नाही असे नव्हे. एका बाजूला स्तूप आणि घाट, दुसऱ्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. याच अरण्यातील ‘जय’ नावाच्या वाघाने, २०१६ मध्ये तो बेपत्ता होण्यापूर्वी, या परिसराचे नाव देशभर नेले. पर्यटनाच्या योजनांची चर्चा त्यामुळे वेळोवेळी होते. मात्र पाहुण्यांसाठी घाट सजवायचे आणि घाटावर जगणाऱ्यांना विसरायचे, हा विकास नव्हे. ती रंगसफेदी होय.

अपेक्षा अवाजवी नाहीत. धरणातून पाणी सोडण्याचे उन्हाळी वेळापत्रक डांगरवाडीची लागवड होण्यापूर्वीच काठच्या गावांना कळवावे. रेतीच्या महसुलातील ठरावीक वाटा घाट, विहिरी आणि धीवरांच्या सहकारी संस्थांसाठी बांधून द्यावा. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च ते निर्माण करणाऱ्या शहराने उचलावा. आणि नदीविषयी निर्णय घेणाऱ्या समित्यांत अभियंता व महसूल अधिकारी यांच्या शेजारी धीवराला आणि डांगरवाडीवाल्यालाही खुर्ची असावी. यांपैकी एकाही गोष्टीला नवे धरण लागत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी स्तूपाच्या दगडांवर दात्यांची नावे कोरली गेली, कारण त्या वैभवात कोणाचा किती हिस्सा होता हे नोंदविणे त्या समाजाला आवश्यक वाटले. आजच्या नदीच्या हिशेबात पवनीकरांचा हिस्सा अद्याप कोणी लिहिलेला नाही. गावाची वाढ मोजण्यापूर्वी निदान तो लिहिला जावा.