जुन्या घराकडून चार शब्द मागताना





दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जाते, कोणी बांधकामावर. अलीकडे काही बाया मूल सांभाळायच्या कामाला मुंबई, वसईकडे जातात. त्यांच्यातल्या काही जणी माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "ताई, काम आहे, पण घरवाले मोबाइलवर रिव्ह्यू बघायला मागतात. तो कुठून आणायचा?"

मी स्वतः वारली घरातली. अकरा वर्षे मी दुसऱ्यांची लेकरे सांभाळली. तेव्हा जे चुकून शिकले तेच इथे सांगते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही अशी एखादी ताई येत असेल, म्हणून हे तुमच्यासाठीही आहे.

बोरिवलीच्या एका घरी मी आठ वर्षे होते. धाकटी मुलगी माझे बोट धरून चालायला शिकली. २०२० च्या टाळेबंदीत काम सुटले आणि मी गावी आले. वर्षभराने वसईत काम विचारायला गेले, तर पहिलाच प्रश्न आला, "आधी कुठे होतात? तुमच्याबद्दल कोणी सांगेल का?" माझा जुना फोन पाण्यात पडून गेला होता, त्याबरोबर वहिनींचा नंबरही गेला. आठ वर्षे काम केले, पण हातात एक चिठ्ठी नव्हती. ते काम दुसरीला मिळाले. तिचा अनुभव दोन वर्षांचा, पण तिच्याबद्दल तीन घरांनी एजन्सीच्या पानावर लिहिले होते.

मी बोरिवलीला गेले. ते कुटुंब पुण्याला गेले होते. वॉचमनकाकांनी नंबर मिळवून दिला. वहिनी फोनवर म्हणाल्या, "अगं, जातानाच का नाही मागितलंस? मी आनंदाने लिहिलं असतं." त्याच रात्री त्यांनी लिहून पाठवले. त्या ओळींवर मला पंधरा दिवसांत काम मिळाले.

अभिप्राय कशासाठी?

नवे आईबाप आपले तान्हे लेकरू अनोळखी बाईच्या हाती देतात. त्यांना भीती वाटणारच. पोलीस पडताळणीने नाव-पत्ता कळतो, गुन्हा नोंद आहे का ते कळते. पण बाळ रडायला लागले की ही बाई काय करते, ते तिथे कळत नाही. ते जुने घरच सांगू शकते.

पूर्वी ओळखीची शेजारीण तोंडी सांगायची. आता तेच एजन्सीच्या पानावर, कामाच्या ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून मागतात. शहरातल्या काही सोसायट्यांच्या फाटकावरच्या ॲपमध्ये तर घरवाले कामवाल्या बायांना तारे देतात, आणि त्या बाईला ते ठाऊकही नसते. म्हणून आपल्याबद्दल काय लिहिले आहे, ते घरवाल्यांना विचारून एकदा पाहून घ्यावे.

कधी आणि कसे मागावे?

काम सुटायच्या शेवटच्या आठवड्यात, हिशेब पूर्ण झाल्यावर मागावे. तेव्हा आठवण ताजी असते. वर्ष लोटले असेल तरी मागायला हरकत नाही. मात्र दारात उभे राहून, पाहुण्यांसमोर मागू नये. आधी फोन करावा, मग असा निरोप पाठवावा :

"वहिनी, नमस्कार. मी तुमच्याकडे मुलीला सांभाळायला होते. आता नवे काम शोधते आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला जे खरे वाटते ते चार ओळींत लिहून द्याल का? नाही जमले तरी हरकत नाही. बाळाचे नाव आणि घरचा पत्ता लिहू नका."

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी आवाजात निरोप पाठवावा. आठ दिवसांत उत्तर नाही आले तर एकदाच आठवण करावी. त्यानंतर पुन्हा विचारू नये.

काय लिहिलेले उपयोगी पडते?

"चांगली बाई आहे, प्रामाणिक आहे" एवढ्याने नव्या घराला काही कळत नाही. माझ्या वहिनींनी लिहिले होते ते साधारण असे : किती वर्षे होते, मुले तेव्हा केवढी होती, कामाच्या वेळा काय, मुलीला ताप आला की आधी फोन करायची, विचारल्याशिवाय औषध दिले नाही, आठ वर्षांत न सांगता एकही खाडा नाही, काम का सुटले. शेवटी, "कोणाला विचारायचे असेल तर मी बोलेन." या शेवटच्या वाक्याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला.

मिळालेल्या निरोपाचा फोटो काढून दुसऱ्या फोनवरही ठेवावा. शक्य असेल तर एक प्रत कागदावर, सही आणि तारखेसह घ्यावी. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ झाले. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना तिथे नाव नोंदवता येते आणि त्यासाठी मालकाचा दाखला लागतो. तो दाखला सध्याच्या घराकडून वेळेवर मागून ठेवावा.

काय टाळावे?

एका मुलीला कोणीतरी सांगितले, "पाचशे रुपये दे, पाच चांगले रिव्ह्यू टाकून देतो." मी तिला नको म्हटले. नवे घर त्यातल्या एकाला फोन करील, तेव्हा खोटे उघडे पडेल आणि तिचे खरे कामही खोटे ठरेल. गूगलवर पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेणे नियमाविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. अभिप्राय खऱ्या माणसाचा आणि खऱ्या अनुभवाचा असावा, हे त्यातले मुख्य सूत्र आहे.

सांभाळलेल्या लेकराचा फोटो आपल्या पानावर कधीही टाकू नये. तो आपल्याला कितीही लाडका असला तरी त्यावर हक्क त्याच्या आईबापाचा. आपला आधार क्रमांक आणि राहत्या खोलीचा पत्ताही सगळ्यांना दिसेल असा ठेवू नये.

घराने नकार दिला तर?

काही जण लिहीत नाहीत. कोणाला वेळ नसतो, कोणाला आपले नाव मोबाइलवर नको असते. त्यांना एवढेच विचारावे, "कोणी फोन केला तर बोलाल का?" बहुतेक हो म्हणतात.

ज्या घरी त्रास झाला, पैसे बुडवले किंवा कोणी अंगाशी आले, त्या घरी अभिप्रायासाठी परत जाऊ नये. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याने घरकाम करणाऱ्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कोणी वाईट लिहिले आणि ते खोटे असेल, तर भांडू नये. त्याखाली दोन ओळींत आपली बाजू शांतपणे मांडावी. ते खरे असेल तर चूक मान्य करावी.

तुमच्यासाठी एक विनंती

बंधुभगिनींनो, तुमच्या घरी कोणी मूल सांभाळून गेली असेल, तर तिने मागायची वाट पाहू नका. आमच्या पाड्यांवरच्या बायांना मागायचा संकोच वाटतो. "त्या मोठ्या माणसांना कसे विचारू?" असे म्हणून त्या गप्प राहतात. तुम्ही स्वतः फोन करा आणि लिहून द्या. खोटी स्तुती नको, जे पाहिले तेवढेच लिहा. उणीव असेल तर ती आधी तिला तोंडावर सांगा.

बोरिवलीच्या वहिनींना ते लिहायला दहा मिनिटे लागली असतील. त्यावर मला तीन वर्षांचे काम मिळाले आणि त्या पगारावर माझा मुलगा दहावी झाला. आज मी ज्या मुलींना निरोप लिहून देते, त्यांच्या जुन्या घरांतही अशी एखादी वहिनी असेलच. तिला फक्त विचारायला हवे.

तुमची बहीण