वर्गात अडकणार नाही असा लॅपटॉप

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. शाळा सुटली की नागपूरच्या प्रताप नगरातल्या आमच्या घरी ट्यूशनची मुलं येतात. लॅपटॉप घ्यायचा म्हटला की ओळखीचे शिक्षक हमखास विचारतात, "मॅडम, आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" माझं उत्तर ठरलेलं: आधी रॅम किती आहे ते बघा.

शिक्षकाचं काम भारी नसतं, पसरलेलं असतं. पीपीटी उघडी, शेजारी ई-बालभारतीची पीडीएफ, ब्राउझरमध्ये व्हिडिओ, एक्सेलमध्ये गुण, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर पालक, आणि ऑनलाइन तास असला तर गुगल मीटही. हे सगळं एकाच वेळी रॅममध्ये जागा धरून बसतं. जागा संपली की विंडोज मागे पडलेल्या गोष्टी एसएसडीवर हलवतं आणि लागल्या की परत आणतं. तेवढ्या वेळात पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते. महागडा प्रोसेसर घेऊन हे दुखणं जात नाही.

खात्री आताच्या मशीनवरच करता येते. नेहमीचं सगळं उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. तो सतत ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडते आहे. विंडोज ११ला कागदोपत्री ४ जीबी पुरते, ८ जीबीत कसंबसं भागतं. चार-पाच वर्षं वापरायचा तर १६ जीबीच घ्या. सीताबर्डीच्या दुकानात एक प्रश्न नक्की विचारा, "भाऊ, रॅम नंतर वाढवता येते का?" बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते.

एसएसडी ५१२ जीबीची बरी. प्रोसेसर आय-फाइव्ह, रायझन-फाइव्ह किंवा त्या तोडीचा, अलीकडच्या पिढीचा असला की झालं. व्हिडिओ एडिटिंग करत नसाल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे नुसतं वजन आणि उष्णता.

आणि उष्णता आपल्याकडे मुळातच कमी नाही. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बहुतेक लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. तापलं की मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. म्हणून गादीवर ठेवून काम करू नका, खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, आणि कूलरचा ओला झोत थेट त्यावर येऊ देऊ नका.

पोर्ट हा शिक्षकाचा खरा जीव. अनेक शाळांतले प्रोजेक्टर अजून व्हीजीएवर चालतात. लॅपटॉपला पूर्ण आकाराचा एचडीएमआय असला तर साधा अ‍ॅडॅप्टर काम करतो. नुसतं टाइप-सी असेल तर त्यातून चित्र बाहेर जातं का, ते दुकानातच जोडून बघा. प्रत्येक टाइप-सीतून जात नाही.

स्कूटीवरून रोज न्यायचा असेल तर १४ इंची घ्या. पडदा आयपीएस, चकाकी नसलेला आणि निदान ३०० निट्स उजेडाचा असावा; २५० निट्सचा खिडकीपाशी फिका पडतो. बॅटरीचा हिशेब सोपा आहे: ५० वॉट-अवरची बॅटरी आणि १० वॉटचा खर्च, म्हणजे पाच तास. व्हिडिओ कॉलला खर्च वाढतो, तास कमी होतात.

जुना घेत असाल तर जरा जपून. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. त्याआधीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी मुलांचे गुण आणि पालकांचे नंबर त्यावर ठेवू नका.

आय-सेव्हनचे वाचलेले पैसे वाढीव ऑनसाइट वॉरंटीत घाला. ऐन परीक्षेत लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला पडून राहिला, तर प्रोसेसर कोणता होता हे कोणी विचारत नाही. निकाल कधी लागणार, एवढंच विचारतात.