संगणकाच्या दुखण्याची पारख

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाडला पुराचे भय नवे नाही. परंतु 22 जुलै 2021 रोजी बाजारपेठेत जे पाणी शिरले, त्याने धान्याची पोती आणि कापडाचे तागे यांच्याबरोबर दुकानांतील नि कचेऱ्यांतील संगणकही गाळात बुडविले. संगणक-दुरुस्ती या अबोल कारागिरीचा कस अशाच वेळी लागतो.

गाळ धुऊन, मदरबोर्ड वाळवून आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशाने घासून वीज जोडली की यंत्र पुष्कळदा निमूटपणे सुरू होते आणि मालकाला हायसे वाटते. परंतु चिपच्या पायांखाली उरलेले क्षार दमट हवेत वीज वाहू लागताच तांब्याच्या बारीक रेषा कुरतडू लागतात आणि काही महिन्यांनी, हिरवट थर डोळ्यांना दिसू लागेतो, ‘बोर्ड गेला’ असा निवाडा ऐकावा लागतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपुरात पुराचे पाणी न लागलेली यंत्रेही पावसाळ्यात रुसतात. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसाव्या आणि ती पुन्हा बसवावी, एवढ्याने गेलेला डिस्प्ले कित्येकदा परत येतो.

अशा वेळी बेंचमार्कचा आकडा पुढे करून यंत्र निर्दोष असल्याची ग्वाही देणारे अनेक भेटतात. हा आकडा यंत्राच्या वेगाचा असतो, प्रकृतीचा नव्हे; शिवाय तो ज्या यंत्राविषयी संशय आहे त्याच यंत्रावर तयार होतो, म्हणजे आरोपीनेच स्वतःचा पंचनामा लिहावा तसा हा प्रकार आहे. एसएमपीएसची, म्हणजे यंत्राला वीज पुरविणाऱ्या पेटीची, 12 व्होल्टची वाहिनी 11.4 ते 12.6 या मर्यादेत असावी लागते. ती रिकाम्या यंत्रात मर्यादेत दिसते आणि भार पडताच कोसळते, आणि डोक्याशी फुगलेला कॅपॅसिटर तर कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही, तो झाकण उघडूनच पाहावा लागतो. 1994 साली पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील दोष उघडकीस आला तोही वेगाच्या चाचणीने नव्हे. जुळ्या मूळ संख्यांवर काम करणारे गणिती थॉमस नाइसली यांनी पेंटियमवर केलेले गणित जुन्या 486 प्रोसेसरवर करून पाहिले, आणि दोन उत्तरे जुळली नाहीत.

चांगल्या कारागिराची रीतही हीच. खात्रीचा सुटा भाग लावून पाहावयाचा, एका वेळी एकच बदलावयाचा, आणि दोष भागाबरोबर जातो की यंत्रातच राहतो हे तपासावयाचे. तिला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा मोबदला देताना गिऱ्हाईक कुरकुरते, हे मला अन्यायाचे वाटते. कारण ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणणे सोपे असले, तरी हार्डवेअरचा दोष त्याने जात नाही.

हार्ड डिस्कच्या बाबतीत तर ही पारखही अपुरी पडते. गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून 2007 साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्ट या स्वयंनिदान-व्यवस्थेच्या चार प्रमुख निर्देशांकांत एकही इशारा दिलेला नव्हता. म्हणून सावित्रीकाठच्या प्रत्येक दुकानदाराला आणि दफ्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला माझी विनंती आहे की, भिजलेल्या यंत्राला पुरते वाळण्यापूर्वी वीज जोडू नये, आणि हिशेबाची एक प्रत पावसाळ्याआधीच उंचावरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवावी.