जावास्क्रिप्टमधल्या बिननावाच्या फंक्शनला नाव का द्यावे?

ऑनलाइन दुकानात ग्राहक ‘पैसे भरा’ बटण दाबतो आणि काहीच घडत नाही. डेव्हलपर ब्राउझरचा कन्सोल उघडतो. तिथे एररखाली स्टॅक ट्रेस दिसतो, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी. पण नावांच्या जागी कुठे ‘अॅनॉनिमस’ असते, तर कुठे नुसता ओळ क्रमांक. बिघाड नेमका कशात झाला हे समजायला प्रत्येक ओळ उघडून पाहावी लागते.

नाव कुठे हरवते?

जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन हे संख्येसारखेच एक मूल्य आहे. त्यामुळे ते बिननावाचे लिहून थेट दुसऱ्या फंक्शनला देता येते. बटणाचा क्लिक, टायमर, सर्व्हरचे उत्तर अशा ठिकाणी हे सर्रास होते.

बिननावाचे फंक्शन व्हेरिएबलमध्ये ठेवले, तर २०१५ च्या ईएस६ आवृत्तीपासून त्याला व्हेरिएबलचेच नाव आपोआप मिळते. थेट दिलेल्या फंक्शनला मात्र नाव मिळत नाही.

उपाय काय?

‘फंक्शन’ या शब्दानंतर आणि कंसाआधी एक नाव लिहायचे, उदाहरणार्थ ‘पेमेंटपाठवा’. स्टॅक ट्रेसमध्ये आता हेच नाव दिसते. ते फक्त त्या फंक्शनच्या आतच वापरता येते, त्यामुळे बाहेरच्या नावांशी टक्कर होत नाही. फंक्शनला स्वतःलाच पुन्हा बोलावायचे असेल, तरी ते कामी येते.

बाण-चिन्हाच्या अॅरो फंक्शनला असे नाव देण्याची सोय नाही. ते आधी ‘कॉन्स्ट’मध्ये ठेवावे आणि मग पुढे द्यावे. नावासाठी त्याचे साध्या फंक्शनमध्ये रूपांतर केले, तर ‘धिस’चा अर्थ बदलतो आणि नवाच बिघाड होऊ शकतो.

एक अडचण

साइट चढवण्यापूर्वी कोड आटोपशीर करणारी टर्सरसारखी साधने नावे छोटी करतात किंवा काढूनच टाकतात. तेव्हा सोर्स मॅप जपून ठेवावा किंवा नावे राखण्याचा पर्याय चालू करावा.

प्रत्येक फंक्शनला नाव हवेच असे नाही. एका ओळीत बेरीज करणारे फंक्शन बिननावाचे चालते. पण जे पैसे, लॉगिन किंवा सर्व्हरशी संबंधित आहे, त्याला काम सांगणारे नाव द्यावे. ‘कॉलबॅक१’ असे नाव देऊन काही साधत नाही.