परिभाषा कोणासाठी? कुष्ठरोगाच्या शब्दांवरून काही गैरसमजांची तपासणी

परिभाषा, म्हणजे एखाद्या व्यवसायात ठरावीक अर्थानेच वापरायचे शब्द, ही सामान्य माणसाला दूर ठेवण्यासाठीच घडवलेली असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो कितपत खरा आहे हे वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या निमित्ताने तपासता येते. मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने ही संस्था १८९० मध्ये उभी राहिली, आणि तेव्हापासून या एकाच रोगाची भाषा अनेकदा बदलली आहे.

कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णाच्या कार्डावर ‘पीबी’ किंवा ‘एमबी’ अशी नोंद होते. पीबी म्हणजे शरीरात जंतू कमी असलेला, पाचपर्यंत चट्टे असलेला रुग्ण. तर ज्याला पाचांहून अधिक चट्टे आहेत, किंवा ज्याच्या एकाहून अधिक मज्जातंतूंना बाधा झाली आहे, किंवा ज्याच्या त्वचेच्या नमुन्यात जंतू सापडले आहेत, तो एमबी. या एका नोंदीवर बहुविध औषधोपचाराचा, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीचा, काळ ठरतो: पीबीला सहा महिने, एमबीला बारा. रुग्ण मुंबई सोडून गावी गेला, तरी तिथला कर्मचारी कार्ड पाहून उपचार बिनचूक पुढे चालू ठेवू शकतो, आणि एवढा मजकूर इतक्या थोडक्यात व निःसंदिग्धपणे सांगणे रोजच्या भाषेला जमण्यासारखे नाही.

रोजचा शब्द नेहमीच अधिक स्पष्ट आणि अधिक माणुसकीचा असतो, हा दुसरा समजही टिकत नाही. मराठीत कुष्ठरोगाला ‘रक्तपिती’ म्हणत आले, पण आयुर्वेदातील ‘रक्तपित्त’ हा रक्तस्रावाचा, अगदी वेगळा विकार आहे; आणि ‘महारोगी’ या घरगुती शब्दाने किती माणसांना घराबाहेर काढले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. रुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला. ‘कुष्ठबाधित व्यक्ती’ हा शब्द कार्यालयीन आणि कोरडा वाटतो खरा, परंतु त्यात माणूस रोगापासून वेगळा राहतो, आणि म्हणून तो रुळायलाच हवा.

सर्वांत घातक गैरसमज मात्र तिसरा आहे, तो हा की माणसाची फसगत अवघड शब्दांमुळे होते. अवघड शब्द ऐकला की माणूस निदान अर्थ तरी विचारतो; ओळखीचा शब्द ऐकला की विचारतच नाही. डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचे ‘दुरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. परिभाषेत याचा अर्थ दहा हजार लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्णांचे प्रमाण एकाच्या खाली आले, एवढाच होता. वाचणाऱ्यांनी रोग गेला असा अर्थ घेतला. २०२३ मध्येही देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, आणि ती संख्या जगातील नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त होती.

‘रिअ‍ॅक्शन’ या शब्दाचे तसेच आहे. बोलताना रिअ‍ॅक्शन म्हणजे औषधाचा अपाय, आणि अपाय झाला की गोळी बंद, ही सर्वांचीच समजूत. कुष्ठरोगात मात्र रिअ‍ॅक्शन म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीने घेतलेली उसळी: जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कधी ताप येऊन कातडीखाली दुखऱ्या गाठी उठतात, नस दुखते आणि हातापायातले बळ कमी होऊ लागते. अशा वेळी बहुविध औषधोपचार थांबवायचा नसतो, तर तो चालू ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूज उतरवणारे औषध घ्यायचे असते. ‘रिअ‍ॅक्शन आली’ एवढेच ऐकून घरी गेलेला रुग्ण गोळ्या टाकून देतो, आणि सुजलेली नस दुर्लक्षित राहिली तर बोटे कायमची वाकतात. नसेचे नुकसान सहा महिन्यांच्या आत लक्षात आले तर पुष्कळदा भरून निघू शकते. रिअ‍ॅक्शन उपचार पूर्ण झाल्यानंतरही येऊ शकत असल्याने शेवटचे पाकीट देताना कर्मचाऱ्याने या खुणा रुग्णाच्या बोलीत, एकेक करून सांगणे हा उपचाराचाच भाग ठरतो.