जुना मोबाइल : मागितलेला भाव आणि रास्त भाव

नव्या मोबाइलची किंमत खोक्यावर छापलेली असते, जुन्याची नसते. मुंबईच्या चोर बाजारात किंवा लॅमिंग्टन रोडवर आपण वस्तू उलटसुलट करून पाहतो, चार दुकाने फिरतो आणि मग भाव करतो. ओएलएक्ससारख्या ऑनलाइन बाजारात मात्र फोटो आणि आकडा एवढेच समोर येते. आमचे अनेक व्यापारी व कारागीर बंधू त्या आकड्यालाच भाव समजतात आणि कष्टाची कमाई घालवून बसतात. म्हणून काही गोष्टी येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, जाहिरातीतला आकडा ही विक्रेत्याची मागणी असते. माल त्या भावाने विकला गेला, असा त्याचा अर्थ नव्हे. महिनाभर पडून असलेली जाहिरात सांगते की त्या भावाला गिऱ्हाईक नाही. दोन दिवसांत निघून गेलेल्या जाहिरातीचा भाव बहुधा बाजाराच्या जवळचा असतो.

एकाच मॉडेलच्या, तेवढ्याच रॅम व स्टोरेजच्या सात-आठ जाहिराती आपल्याच शहरातल्या पाहाव्यात. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त बाजूला ठेवून मधला आकडा घ्यावा. नंतर जुने मोबाइल विकत घेणाऱ्या कॅशिफायसारख्या कंपनीकडे त्याच मॉडेलला किती मिळतात तेही पाहावे. कंपनीला दुरुस्ती आणि नफा सुटावा लागतो, म्हणून तिचा भाव खालचा असतो. रास्त भाव या दोहोंच्या मध्ये सापडतो.

समजा, जाहिरातींचा मधला आकडा ९,००० रुपये आहे आणि कंपनी ६,००० देते. चांगल्या स्थितीतल्या मोबाइलला ७,५०० ठीक. पण बॅटरी बदलावी लागणार असेल आणि त्याला १,२०० रुपये लागणार असतील, तर ते वजा करून ६,३०० च्या आसपासच बोलावे. नवा मोबाइल सणासुदीच्या सवलतीत वॉरंटीसह किती रुपयांना मिळतो, हेही विसरू नये. फरक थोडा असेल तर जुना घेण्यात फायदा नाही.

फारच स्वस्त मिळत असेल तर अधिक सावध राहावे. मोबाइलवर *#०६# दाबल्यास पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो बिलाशी व खोक्याशी जुळवावा आणि मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तपासावा. मात्र चोरीची तक्रारच झाली नसेल तर तेथे काही कळणार नाही, म्हणून मूळ बिल हवेच. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तो तसा असल्याचे मानण्यास कारण असूनही घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. दुकानदार बंधूंनी विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती ठेवावी.

मोबाइल हाती येण्याआधी पैसे पाठवू नयेत. विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार आहेत. सौदा गजबजलेल्या जागी करावा आणि विक्रेत्याचे गूगल किंवा ॲपलचे खाते त्याच्याकडूनच समोर काढून घ्यावे. ते राहिले तर मोबाइल पुढे कुलूपबंद होऊ शकतो.

एवढे पाहायला तासभर लागतो. पण कारागिराची कित्येक दिवसांची मजुरी त्यामुळे वाचते.