जुन्या नकाशांची आरास

सिंगापूरचा नकाशा फार लवकर जुना होतो. १९६० च्या सुमारास जेमतेम ५८० चौरस किलोमीटर असलेलं हे बेट समुद्रात भर टाकून आता ७३० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. १८८७ साली बीच रोडवर रॅफल्स हॉटेल सुरू झालं तेव्हा समोर समुद्र होता, आज तिथून किनारा बराच लांब आहे. त्यात एमआरटीचे नवे मार्ग उघडत राहतात, रस्ते वळवले जातात आणि हातातली स्ट्रीट डिरेक्टरी पाहता पाहता कालबाह्य होते. फोनवर नकाशे आल्यापासून तर या जाडजूड डिरेक्टऱ्या घरोघरच्या कपाटातून थेट करंग गुनीकडे, म्हणजे इथल्या रद्दीवाल्याकडे जाऊ लागल्या.

दुसरीकडे, इथल्या मराठी घरांत प्रवासाशी जोडलेले प्रसंग सतत येतात. कुणाची मुलगी शिकायला निघते, कुणाची बदली होते, कुणाचे आईवडील पहिल्यांदा विमानात बसून येतात, कुणाच्या पाच वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला विमानंच हवी असतात. दुकानात त्यासाठी विमान-बॅगांची चित्रं छापलेल्या माळा मिळतात. पण खऱ्या नकाशाच्या कागदात एक गोष्ट जास्त आहे: तो वाचता येतो. त्याच्या पताका करून टांगल्या, पाहुणा एखाद्या पताकेजवळ थांबला, त्याला तिथे आपला जुना ब्लॉक किंवा आपलं गाव सापडलं, तर ती आरास जमली. खाली जे सांगणार आहे, ते सगळं या एका कसोटीवर ठरवलेलं आहे.

पहिला प्रश्न, कोणता नकाशा कापायचा? सिंगापूरच्या नकाशाचं वय ठरवायला विमानतळ सगळ्यात उपयोगी. विमानतळ कालांग इथे दाखवला असेल, तर नकाशा १९३७ ते १९५५ मधला. पाया लेबारला असेल तर १९५५ ते १९८१ मधला. चांगीहून विमानं उडू लागली ती १ जुलै १९८१ पासून. पुढची खूण एमआरटीची. तिचा पहिला टप्पा ७ नोव्हेंबर १९८७ ला यो चू कांग ते टोआ पायो असा सुरू झाला, त्यामुळे एमआरटीची स्थानकं छापलेला नकाशा साधारण त्या काळातला किंवा नंतरचा. आणि बेटाच्या उत्तरेकडून तांजोंग पागार स्थानकापर्यंत मलायी रेल्वेची रेघ आलेली दिसली, तर तो बहुधा २०११ च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या ३० जूनला ते स्थानक बंद झालं.

कालांग किंवा पाया लेबार दिसला की कात्री खाली ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५० च्या दशकापासून निघालेल्या जुन्या डिरेक्टऱ्यांमध्ये नंतर पुसल्या गेलेल्या कित्येक कांपोंगांची आणि गल्ल्यांची नावं आहेत, आणि घरात उरलेली अशी प्रत ही कुणाच्या तरी आजोबांच्या पत्त्याची शेवटची नोंद असू शकते. तिची रंगीत प्रत काढा आणि प्रत कापा. मूळ हाताशी नसेल तर सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आणि एनयूएसच्या ग्रंथालयाने कितीतरी ऐतिहासिक नकाशे ऑनलाइन ठेवले आहेत. ते बघा, आणि वापराच्या अटी वाचून घरगुती छपाई करा. नव्वदनंतरच्या, हजारोंनी छापलेल्या डिरेक्टऱ्या मात्र निःशंकपणे कापाव्यात. पूर्वी असं सामान सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात हमखास मिळे, पण तो जुलै २०१७ मध्ये उठला. आता ओळखीच्यांना विचारणं, करंग गुनीला सांगून ठेवणं आणि ब्रास बासा कॉम्प्लेक्समधली जुन्या पुस्तकांची दुकानं, हे मार्ग उरतात. त्याच इमारतीत चित्रकलेचं सामानही मिळतं, म्हणजे एका फेरीत काम होतं.

छापील कागदाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात वाढलेल्यांना पुस्तकाचं पान कापणं जड जातं. ती भावना खरी आहे आणि ती मोडायचं कारण नाही. तिचा मान राखून एवढं करता येतं की नकाशाचा कागद जमिनीवर अंथरायचा नाही, पायपुसण्याजवळ किंवा बसायला वापरायचा नाही, आणि खाण्याचा कागद म्हणूनही नाही. छापाची शाई अन्नाला लागू नये, हे त्यामागचं दुसरं कारण.

आता कागद. इथे सकाळची आर्द्रता बऱ्याचदा ९० टक्क्यांच्या वर असते, आणि कागदकाम बिघडतं ते मुख्यतः तिच्यामुळे. कागदातले तंतू ओल शोषून जाडीला फुगतात, लांबीला फारसे वाढत नाहीत. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात, तिला कागदाची धार म्हणू. कागद फुगतो तो या धारेच्या आडवा. धार ओळखायला कोपऱ्याचा तुकडा दोन्ही दिशांनी फाडून पाहा. एका दिशेने तो सरळ फाटत जातो, ती धार. फाडायचं नसेल तर छोट्या तुकड्याच्या एका बाजूला ओलं बोट फिरवा. तुकडा लगेच नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी धारेच्या दिशेने असते. घड्या शक्यतो धारेला समांतर घाला, म्हणजे कड तुटत नाही. लांब झिरमिळ्याही धारेच्या दिशेने कापा, म्हणजे त्या सरळ लोंबतात.

डिरेक्टरीची पानं बहुधा गुळगुळीत, लेप दिलेली असतात. ओलं बोट लावल्यावर पान चिकट लागलं तर त्यावर लेप आहे असं समजा. अशा पानावर पातळ डिंक नीट धरत नाही आणि पाण्याने शाईचा थर उचलला जातो, तेव्हा फेव्हिकॉल घट्टच घ्या आणि अगदी पातळ पसरा. साध्या, बिनलेपाच्या मोठ्या नकाशाला आपली गव्हाच्या पिठाची खळ उत्तम. ती हळू वाळते, त्यामुळे कागद सरकवून बसवता येतो. पण इथल्या हवेत तिला दोन-तीन दिवसांत बुरशी येते आणि झुरळंही लागतात, म्हणून लागेल तेवढीच शिजवावी. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत, ते विष आहे. मुलं हाताळणार असतील तिथे ते नको.

पुठ्ठ्यावर नकाशा चिकटवला की वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठा वाकतो. उपाय एकच, मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखा ताण येतो. आणि जी वस्तू जिथे टांगायची, तिथल्याच हवेत ती चिकटवा. एसीच्या कोरड्या खोलीत ताणून बसवलेला कागद बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये सैल पडून लोंबतो.

पताकांपासून सुरुवात सोपी. ए-फोर कागद आडवा घेतला तर १४ सेंटीमीटर पाया आणि १८ सेंटीमीटर उंचीच्या दोन पताका निघतात, वर दोऱ्यावर दुमडायला २ सेंटीमीटरची पट्टी राहते. मधला त्रिकोण उलटा कापून तिसरी पताका काढण्याचा मोह होईल, पण तिच्यावरची नावं उलटी येतात. तो तुकडा झिरमिळ्यांना ठेवा. पताका खाली निमुळती होत जाते, म्हणून जे ठिकाण दाखवायचं ते वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, मध्यभागी आलं पाहिजे. आधी जाड पुठ्ठ्यात त्रिकोणाची खिडकी कापून घ्या आणि ती नकाशावर फिरवत जागा निवडा. दोन पताकांत ३ सेंटीमीटर अंतर धरलं तर तीन मीटरच्या दोऱ्याला १७ पताका लागतात, म्हणजे ९ कागद. त्यांचा क्रम प्रवासाचा लावता येतो. समजा घर मूळचं सोलापूरचं आहे, तर सोलापूर, पुणे, मुंबई, मग चांगी, मग इथे बदललेली एकेक घरं, पहिल्या भाड्याच्या खोलीपासून आताच्या ब्लॉकपर्यंत. महाराष्ट्राच्या पानांसाठी शाळेतला जुना नकाशासंग्रह पुरतो.

पृथ्वीगोलाला थोडं गणित लागतं, आणि मला या सगळ्यात तोच सर्वांत आवडतो. चिनी वस्तूंच्या दुकानात मिळणारा ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल कागदी कंदील घ्या. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटीमीटर. सपाट कागद गोलावर सुरकुती न पडता बसत नाही, म्हणून खरे पृथ्वीगोल बनवणारे नकाशा उभ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पाकळ्यांत छापतात. १५०७ साली वाल्डझेम्यूलरने छापलेल्या गोलालाही अशाच १२ पाकळ्या होत्या. आपणही १२ घेऊ. प्रत्येक पाकळीची लांबी ध्रुवापासून ध्रुवापर्यंत ४७ सेंटीमीटर. विषुववृत्तावर तिची रुंदी ७.९ सेंटीमीटर, आणि तिथून दोन्हीकडे दर ३.९ सेंटीमीटरवर, म्हणजे दर १५ अंशांवर, रुंदी अशी घटते: ७.६, ६.८, ५.६, ३.९, २ आणि शेवटी शून्य. हे बिंदू पुठ्ठ्यावर मांडून हाताने गोलाईत जोडले की साचा तयार.

यासाठी जगाचा नकाशा निवडताना त्यावरच्या अक्षांश-रेखांशांच्या चौकटी सगळीकडे सारख्या चौरस आहेत ना, ते पाहा. असा नकाशा उंचीच्या दुप्पट रुंद असतो, तो ९४ बाय ४७ च्या मापाला मोठा करून छापून घ्या. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशांत कधी कधी ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. तसला नकाशा इथे चालणार नाही. चौरस चौकटींच्या नकाशातूनही पाकळी कापताना कडांचा भाग जातोच. ६० अंशांवर तर निम्मा जातो, आणि नॉर्वे, अलास्का यांची मोडतोड होते. पण महाराष्ट्राच्या अक्षांशावर जेमतेम पाच टक्के जातात आणि सिंगापूर विषुववृत्तापासून सव्वा अंशावर, तिथे जवळजवळ काहीच जात नाही. पाकळ्यांचे सांधे शून्य रेखांशापासून दर ३० अंशांवर ठेवले की ६० ते ९० च्या पाकळीत सगळा महाराष्ट्र येतो आणि शेजारच्या ९० ते १२० च्या पाकळीत सिंगापूर. दोन्ही सांध्यापासून सुरक्षित राहतात. चिकटवताना मधून सुरुवात करा, मग वर आणि खाली बोटाने दाबत जा. कंदिलाच्या वर-खालच्या भोकांपाशी टोकं छाटून टाका. शेवटची पाकळी थोडी कमी-जास्त पडते, तिचा सांधा पॅसिफिक महासागरात येईल असं पाहा.

दिवाळीच्या सुमारास समारंभ असेल तर आकाशकंदीलही याच कागदाचा होतो. कामट्या शोधत बसायला नको, बाजारात साटेच्या बांबूच्या काड्यांची जुडी मिळते. टोकं छाटून २० सेंटीमीटरच्या १२ काड्या दोऱ्याने बांधा, सांध्यावर फेव्हिकॉलचा थेंब द्या, चौकोनी सांगाडा उभा राहतो. इथे एक गोष्ट आधीच तपासा. डिरेक्टरीचं पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, आतून दिवा लागला की दोन्ही बाजूंचे रस्ते एकमेकांत मिसळतात आणि काहीच वाचता येत नाही. कंदिलाला एकाच बाजूने छापलेला, पातळ, बिनलेपाचा कागदच हवा, किंवा पातळ कागदावर काढलेली प्रत. पान प्रकाशासमोर धरून पाहिलं की लगेच कळतं. आत छोटा एलईडी दिवा, कारण तो फारसा तापत नाही. मेणबत्ती किंवा पणती आत नको, कंदिलाच्या खालीही नको. उरलेल्या त्रिकोणांच्या पट्ट्या झिरमिळ्या म्हणून लावा.

ग्लासांच्या पट्ट्या, भेटीच्या पाकिटांची कव्हरं, केकवर खोचायची छोटी निशाणं यांना वेगळी कृती सांगायला नको. निशाणाच्या काडीचं टोक मात्र कागदापासून लांब, स्वच्छ असावं.

पाहुण्यांसाठी एक काम ठेवाच. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण कोरे नकाशे भरत होतो, तसा जगाचा एक मोठा कोरा नकाशा भिंतीवर लावा आणि शेजारी रंगीत पेन्सिली ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाने आपलं जन्मगाव, पहिल्या नोकरीचं गाव आणि आताचं घर भरायचं. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं या भिंतीपाशी एकत्र येतात, कारण आजीला ठाऊक असलेलं गाव मुलांना शोधायचं असतं आणि मुलांना ठाऊक असलेलं स्थानक आजीला.

टांगताना छताच्या पंख्याचा वारा पोचणार नाही अशा उंचीवर आणि कडेला दोरा बांधा. दमट रंगावर चिकटपट्टी रात्रीत सुटते, म्हणून दोरा दोन हुकांमध्ये ताणलेला बरा. एचडीबीच्या कॉरिडॉरमध्ये जाण्यायेण्याला १.२ मीटरची मोकळी वाट राहिलीच पाहिजे, तेव्हा तिथे जे लावायचं ते डोक्याच्या वर, आणि जमिनीवर काहीही नको. व्हॉइड डेकवर कार्यक्रम असेल तर टाउन कौन्सिलची परवानगी घेताना आरास कशी बांधणार तेही विचारून ठेवा.

कार्यक्रम झाल्यावर पताका दोऱ्यावरून न काढता एकावर एक रचून, मध्ये कोरा कागद घालून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह डब्यात ठेवल्या तर पुढच्या निरोपालाही चालतात, फक्त शेवटची एक-दोन ठिकाणं बदलायची. जे ठेवायचं नाही, त्यातला चिकटपट्टी, दोरा आणि चमकी काढलेला कोरडा कागद निळ्या पेटीत जातो. फेव्हिकॉलने पुठ्ठ्याला घट्ट बसलेलं आणि खाण्याने तेलकट झालेलं वेगळं काढून कचऱ्यात टाका.